मला मोटार शिकवली

सहाला लाइट आली. निशानं ओसरीवर उभं राहूनच मोबाइलवरून मोटारीचा नंबर लावला. पलीकडून रेकॉर्डवरची बाई बोलली, निशानं एक दाबला. तिकडं विहिरीत मोटार सुरू झाली असणार. तिनं भाकरीचं फडकं उचललं, पायात चपला सरकवल्या आणि निघाली. उशीर करून चालत नव्हतं. वैशाख लागल्यापासून विहीर वीस-पंचवीस मिनिटंच पाणी द्यायची, मग पाइपातून नुसती हवा फुसफुसायची. तेवढ्यात मोटार बंद केली नाही तर ती जळायची.

करमाडहून आत वळलं की दोन गावं सोडून त्यांचं रान. दीड एकर मोसंबी. सासऱ्यानं, बद्रीनाथनं, लावलेली. आता पानं उभी मुडपून झाडं भर सकाळीच दुपार झाल्यासारखी उभी होती.

बद्रीनाथ आधीच बागेत होता. सत्तरीला आलेला, अंगानं वाळका, खांद्याला खोरं. सुनेला बघून तो खाकरला आणि दुसऱ्या ओळीला सरकला. निशानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सासरा तिच्याशी सरळ एक शब्द बोलला नव्हता. रागानं नाही. त्याचा आजा त्याच्या आईसमोर असाच वागला होता, आणि आईही सासऱ्याला कधी तोंड दाखवून बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर तो बायकोला सांगायचा, नाही तर नातीला. दोघीही जवळ नसल्या तर झाडाला सांगायचा.

"आज चौथ्या ओळीपासून धरलं तर बरं हुईल," तो एका खोडाकडं बघून म्हणाला.

निशानं रबरी नळी उचलली आणि चौथ्या ओळीला नेली.

हौदातलं पाणी नळीनं एकेका झाडाला द्यायचं, असं काम होतं. बद्रीनाथ पुढं जाऊन आळी उकरायचा, कडेला पाचट लावायचा. निशा मागून नळी धरायची. आळं निम्मं भरलं की पुढचं झाड. नळी जड, तिच्यात पाणी असलं की आणखी जड. तिनं ती ओढायला घेतली की पुढं वाट मोकळी झालेली असायची. काटे बाजूला, ढेकळं फोडलेली. तिनं हे दुसऱ्या वर्षीच ओळखलं होतं. तेव्हा ती पोटुशी होती आणि सासरा कारण नसताना तिच्या पुढं पुढं खोरं घेऊन चालायचा.

नऊच्या सुमाराला हौद संपला. मग फळं तोडायची. लिंबाएवढी हिरवी फळं झाडाला लागली होती, पण झाडालाच प्यायला नव्हतं तर ते फळाला काय पाजणार. दोघं दोन बाजूंनी फळं तोडून खाली टाकत होती. टप टप आवाज येत होता. बद्रीनाथ एक फळ तोडायचा, तळहातावर घेऊन क्षणभर बघायचा, मग टाकायचा. निशा बघायची नाही. हात लावायची, पिळा द्यायची, सोडून द्यायची. तिच्या बोटांना तेल लागून सालटं निघाली होती.

वरच्या अंगाच्या तीन ओळी सासऱ्यानं सोडून द्यायच्या ठरवल्या होत्या. तिथं खाली मुरूम होता, पाणी टिकत नव्हतं. त्यानं तसं सांगितलं नव्हतं. नुसती तिथली आळी उकरायची बंद केली. तिसऱ्या ओळीच्या टोकाला एक झाड अजून हिरवं होतं. निशा घरून निघताना आपल्या अंघोळीच्या पाण्यातली अर्धी कळशी आणायची आणि त्या झाडाला ओतायची. पाच दिवस तिनं असं केलं. सहाव्या दिवशी जाऊन बघते तर त्या झाडाला आळं उकरलेलं होतं. वर पाचटही टाकलं होतं. तिनं कळशी ओतली. दूर बांधावर सासरा पाठ करून तंबाखू मळत होता.

रविवारी इंद्रजीत आला.

इंद्रजीत म्हणजे निशाचा नवरा. शेंद्र्याला एका कंपनीत सुपरवायझर. तीन वर्षांपासून शहरात, गारखेड्याला राहत होता. एकटा राहत नव्हता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सासू, भागूबाई, फार झालं की एवढंच म्हणायची, "तुला तुपलं माणूस बांधता आलं नाय, त्याला आम्ही काय करावं?" निशा त्यावर चुलीतलं लाकूड पुढं सारायची.

त्या दिवशी त्याच्याबरोबर आप्पासाहेब म्हणून एक पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ होते. प्लॉटिंगचं काम करायचे. दोघं गाडीतून उतरून लिंबाखालच्या खाटेवर बसले. भागूबाईनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, आणि आत येऊन म्हणाली, "चहा ठेव. दूध जास्ती घाल."

निशा रानातून आलेली तशीच होती. पायाला चिखल, डोक्याला रुमाल. तिनं चहा केला आणि ट्रे घेऊन बाहेर गेली. आप्पासाहेबांनी कप घेतला आणि तिच्याकडं बघत विचारलं, "ही कोण?"

इंद्रजीतनं मोबाइलमधून मान वर केली. मग परत खाली घातली.

"रानात कामाला असते," तो म्हणाला.

निशाच्या हातात ट्रे होता. त्यावर अजून एक कप होता, इंद्रजीतचा. तो तिनं खाटेच्या कडेला ठेवला. सांडला नाही. ती वळली तर दाराशी बद्रीनाथ उभा होता. पाय धुवायला आलेला, हातात तांब्या. त्यानं ऐकलं होतं. त्यानं तांब्या ओतला, एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, आणि पाणी संपलं तरी तो तांब्या तसाच वाकडा धरून उभा राहिला.

नंतर आप्पासाहेब बांध बघायला गेले तेव्हा इंद्रजीत आत आईजवळ बसला.

"आई, रस्ता इकडून जाऊ राहिला. रानाला असं गिऱ्हाईक परत भेटत नाही. झाडं तर तशीही गेली. तुम्ही दोघं माझ्याकडं चला. श्रेयाला हॉस्टेलला टाकतो."

"आन् ही?"

"तिला तिच्या भावाकडं पोचवा. मी आप्पासाहेबांना बायको शहरात असती म्हणून सांगितलंय. उगाच वारसाचा घोळ नको. पुढच्या रविवारी कागद आणतो. दादाची सही झाली की झालं." बापाला तो दादा म्हणायचा.

निशा मागच्या पडवीत भांडी घासत होती. मधे नुसती पत्र्याची भिंत. ती घासत राहिली. घासून झालेली कढई तिनं परत घासली.

संध्याकाळी नऊ वर्षांची श्रेया म्हणाली, "मम्मी, पप्पानं माझ्यासाठी काय आणलं?" निशा म्हणाली, "घाईत होते." आणि तिची वेणी घालायला बसली. एवढी घट्ट घातली की पोर ओरडली.

दुसऱ्या दिवशी ती रानात गेली. नळी ओढली, फळं तोडली. दुपारी घरी आली ती झोपली नाही. वर्षाचं तिखट अजून कुटायचं होतं. दरवर्षी सासू-सुना मिळून जूनच्या तोंडावर कुटायच्या. निशानं एकटीनं मिरच्या काढल्या, देठं खुडली, खल मांडला. भागूबाई ठसकत बाहेर आली.

"एवढी घाई कशाची गं? अजून पंधरा दिस हायेत."

"ऊन हाय तवर झालेलं बरं, आत्या."

मंगळवारी तिनं कुरडयांचा चीक शिजवला आणि चार बाजांवर कुरडया घातल्या. बुधवारी सगळ्या गोधड्या काढल्या. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून उन्हात टाकून काठीनं झोडपल्या आणि जिथं जिथं उसवल्या होत्या तिथं टाके घातले. सासऱ्याच्या गोधडीचा एक पूर्ण काठ गेला होता. तो तिनं आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी लावून शिवला. दुखऱ्या बोटांनी सुई धरवत नव्हती. तिनं बोटाला चिंधी गुंडाळली आणि शिवत राहिली. गुरुवारी डाळीच्या डब्यांत कडुलिंबाचा पाला घातला. श्रेयाला जवळ घेऊन कुठल्या डब्यात काय ते दाखवलं. पोर म्हणाली, "मला कशाला?" निशा म्हणाली, "आज्जीला आता नीट दिसत नाय ना."

भागूबाई हे सगळं बघत होती. तिच्या मनात काही यायचं, पण लेकाच्या घरी जायचं, गारखेड्याच्या घरात नळाला पाणी असतं, हा विचार त्यावर चढायचा. गुडघे दुखत होते. चाळीस वर्षं तिनं याच विहिरीचं पाणी वाहिलं होतं. तिलाही बसून खावंसं वाटत होतं, यात तिला काही पाप दिसत नव्हतं.

शुक्रवारी लाइट दुपारी आली. भागूबाई दारात तूर निवडत होती. निशा तिच्याजवळ येऊन बसली आणि मोबाइल पुढं केला.

"आत्या, हे बघा. हा नंबर. हिरवं बटण दाबायचं. ती बाई बोलती. तिचं बोलणं झालं की एक दाबायचा. मोटार चालू."

"मला काय करायचंय?"

"दाबून तर बघा."

भागूबाईनं सूप बाजूला ठेवलं. जाड बोटानं दाबलं. दोन बटणं एकदम दाबली गेली. परत केलं. मोबाइलमधली बाई म्हणाली, मोटार चालू झाली आहे. भागूबाई नकळत हसली.

"आन् बंद करायला दोन. ईस मिनिटांच्या वर ठेवायची नाय. घड्याळ बघता येत नसलं तर श्रेयाला इचारायचं. ती शाळेला गेल्यावर, ऊन त्या खांबापर्यंत सरकलं की बंद. आता तुम्हीच करा बंद."

ऊन खांबापर्यंत सरकेतोवर दोघी बसून राहिल्या. भागूबाईनं दोन दाबला. मग ती म्हणाली, "मला कशाला शिकवती? तू हायेस की."

निशा उठली. मोबाइल तिनं कोनाड्यात ठेवला, सासूच्या हाताला येईल असा. नेहमी तो ती कमरेच्या पिशवीत ठेवायची.

संध्याकाळी बद्रीनाथ जेवायला बसला तेव्हा भागूबाई त्याच्या समोर येऊन बसली. निशा गोठ्यात होती.

"आवं, पोरगी चाललीय."

"कोण?"

"कोण म्हंजी? निशा."

"काय म्हणली?"

"म्हणली काय नाय," भागूबाई म्हणाली. "मला मोटार शिकवली."

बद्रीनाथचा घास हातात राहिला. मग त्यानं तो ताटात ठेवला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "तिखट कुटलंय का?"

"कुटलं. कुरडया झाल्या. तुमच्या गोधडीला काठ लावलाय."

जेवण पुढं झालं नाही. हात धुऊन तो अंगणात खाटेवर जाऊन बसला आणि गोधडीचा नवा काठ बोटानं चाचपत राहिला. टाके बारीक होते, एकसारखे. भागूबाई दारातून बघत होती. तिला वाटलं, हा आता सुनेला हाक मारील. पण कशी मारणार? अकरा वर्षांत त्यानं तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

शनिवारी निशानं माहेरी फोन केला. भाऊ, विश्वजीत, मोटारसायकल घेऊन रविवारी दुपारी येतो म्हणाला. त्यानं कारण विचारलं नाही. "श्रेया?" एवढंच विचारलं. निशा म्हणाली, "तिची शाळा सुरू होईस्तोवर नेते." हे म्हणताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता. रात्रीची भाकर तिनं अर्धीच खाल्ली.

रविवारी सकाळी ती रानात गेली नाही. बॅग भरली. चार साड्या, श्रेयाचे कपडे, पोथीच्या आकाराची फोटोंची एक वही. बॅग तिनं दारामागं ठेवली. मोटार भागूबाईनं चालू केली आणि वेळेवर बंदही केली. बागेत बद्रीनाथ एकटाच नळी ओढत होता.

दहाच्या आधीच गाडी आली. इंद्रजीत आणि आप्पासाहेब. भागूबाईनं पहाटेपासून लेकासाठी स्वैपाक केला होता, वांग्याचं भरीत, ज्वारीच्या भाकरी, कुरडया तळलेल्या. इंद्रजीत म्हणाला, "जेवण नंतर. आधी दादाला बोलव."

श्रेया पळत जाऊन आजोबाला घेऊन आली. बद्रीनाथ तसाच आला, धोतर वर खोचलेलं, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. खाटेवर बसला नाही. खाली जमिनीवर, लिंबाच्या बुंध्याला टेकून बसला.

"बाबा, फार काही नाही," आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं. "इथं एक, इथं एक आणि मागं एक. वाचून दाखवू?"

"दादाला मी सगळं सांगितलंय," इंद्रजीत म्हणाला. खरं म्हणजे त्यानं फक्त आईला सांगितलं होतं. "हात तेवढे धुवा. निशा, पाणी आण गं."

निशा तांब्या घेऊन आली. सासऱ्याच्या समोर, जरा बाजूला, पदर पुढं ओढून ती खाली बसली आणि पाण्याची धार धरली. बद्रीनाथनं हात पुढं केले. चिखल सुटायला वेळ लागत होता. नखांच्या कडेला साललेलं होतं, तिच्यासारखंच. पाणी जमिनीवर पडून त्याच्या पायाशी जमा झालं. त्यानं हात चोळले, सावकाश, कुणी खोळंबलेलं नसल्यासारखे. आप्पासाहेबांनी घड्याळ बघितलं.

"निशा," बद्रीनाथ म्हणाला.

धार थांबली.

आतून भागूबाईचा भांड्यांचा आवाजही थांबला. श्रेयानं आजोबाकडं बघितलं, मग आईकडं. बद्रीनाथचा आवाज खरखरीत निघाला होता. त्यानं घसा साफ केला. तो झाडाकडं बघत नव्हता, नातीकडं बघत नव्हता. मान खाली होती, पण तोंड सुनेकडं होतं.

"वरल्या तीन ओळी सोडाव्या म्हणतो मी," तो म्हणाला. "तुला काय वाटतं?"

निशानं पदर दातात धरला. इंद्रजीत म्हणाला, "दादा, आता ते कशाला..." बद्रीनाथनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो वाट बघत बसला. ओले हात गुडघ्यावर.

"दोन सोडा," निशा शेवटी म्हणाली. "तिसरी धरंल. तिथं मुरूम खोल हाय."

"खोल हाय?"

"व्हय. मी खुरपं घालून बघितलंय, मामा. हातभर माती हाय वर."

बद्रीनाथनं मान हलवली. "मला वाटलं टोकाचं एकच झाड टिकंल." थोडा वेळ तो हिशेब केल्यासारखा बसला. मग जमिनीला हात टेकून उठला. गुडघा कडकन वाजला. "मंग उद्या तिसरीपासून धरू. आज लई दमलो मी."

"बाबा, सही?" आप्पासाहेब म्हणाले.

"झाडं हायेत अजून," बद्रीनाथ म्हणाला. "सुकली म्हंजी बघू." आणि तो पाय ओढत गोठ्याकडं गेला.

इंद्रजीत त्याच्या मागं गेला. गोठ्यातून त्याचा आवाज येत होता. चढा, मग विनवणीचा, मग परत चढा. बद्रीनाथचा आवाज एकदाही आला नाही. आप्पासाहेबांनी पेनाला टोपण लावलं, फाइल बगलेत मारली. निशा अजून तांब्या घेऊन तिथंच बसली होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं. "ताई, जरा प्यायला द्या," ते म्हणाले. तिनं आतून दुसरा तांब्या आणून दिला. ते पाणी प्यायले आणि गाडीत जाऊन बसले.

इंद्रजीत गोठ्यातून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. निशाच्या समोर तो क्षणभर थांबला. ती उभी राहिली. भागूबाई ताट वाढून दारात आली होती.

"इंद्रा, दोन घास तरी खाऊन जा रे."

"ठेव तुलाच," तो म्हणाला. गाडीचं दार आपटलं.

भागूबाई धूळ खाली बसेपर्यंत ताट हातात घेऊन उभी राहिली. मग ती रडली, तोंडाला पदर लावून, आवाज न करता. निशानं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. भागूबाई तिच्याकडं न बघताच म्हणाली, "मपल्या पोराला उपाशी लावलं आज." निशानं ताट झाकून ठेवलं. सासूचं बोलणं खोटं नव्हतं.

बाराच्या पुढं विश्वजीत आला. उन्हानं काळा पडलेला, डोक्याला उपरणं. भागूबाईनं डोळे पुसले, त्याला हात धुवायला पाणी दिलं आणि लेकासाठी वाढलेलं ताट त्याच्या पुढं ठेवलं. कुरडया मोडल्या होत्या, तेवढ्या तिनं नव्या तळल्या. विश्वजीत जेवला. जेवण झाल्यावर बहिणीला म्हणाला, "निघायचं ना? ऊन लई हाय, पण रस्त्यात थांबू."

निशा उंबऱ्यात बसली होती. आठवडाभराचा शीण आता अंगात उतरत होता. तिला उठावंसंच वाटत नव्हतं, ना जाण्यासाठी, ना राहण्यासाठी. सासऱ्यानं एक वाक्य विचारलं होतं. एका वाक्यानं नवरा परत येत नाही, विहिरीला पाणी येत नाही. पुढच्या महिन्यात तो परत कागद घेऊन येईल हेही तिला दिसत होतं. तरी ती मनात तिसऱ्या ओळीला किती कळश्या लागतील ते मोजत होती.

"बॅग आणते," ती म्हणाली आणि आत गेली.

दारामागं बॅग होती, पण चपटी. तिनं उचलली, रिकामी निघाली. चारी साड्या वळणीवर टाकलेल्या होत्या, काठाला काठ जुळवून. श्रेयाचे कपडे पेटीवर. भागूबाई भिंतीकडं तोंड करून सूप पुढं घेऊन बसली होती, तुरीतले खडे निवडत.

"आत्या?"

"घडी नीट नव्हती तुझी," भागूबाई म्हणाली. "सगळ्या चुरगळल्या असत्या. म्हणून काढल्या."

निशा वळणीखाली उभी राहिली. बाहेर विश्वजीतनं दोनदा खोकून विचारलं, "ताई, येऊ राहिली ना?" रिकामी बॅग तिनं खुंटीला अडकवली, सासूच्या शेजारी मांडी घालून बसली आणि सूप थोडं आपल्याकडं ओढलं.